सुसंवाद : फक्त ॲडमिनसाठी

घाटावरच्या एका शाळेने पालकांशी संवाद वाढावा म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आहे. नाव : ‘पालक-शिक्षक सुसंवाद’. सेटिंग : फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील.

पालकांना अगदीच मुकं ठेवलेलं नाही. त्यांना अंगठा दाखवता येतो. उद्या गणवेशात पाठवा, अंगठा. आधार अपडेट करा, अंगठा. ‘आपला पाल्य चार दिवसांपासून गैरहजर आहे’, यालाही अंगठे. एकाने तर पुष्पगुच्छ दिला.

आता सोंगणीच्या दिवसांत माय-बाप दोघेही वावरात. घरात स्मार्टफोन एकच, तो पाल्याच्या हाती. त्यामुळे पाल्याची तक्रार थेट पाल्याकडेच जाते. तो ती शांतपणे वाचतो आणि वडिलांच्या वतीने अंगठा देतो. गैरहजर असल्याने त्याला वेळही भरपूर, म्हणून प्रतिसाद मिनिटाच्या आत. अशाने सातवीतल्या एका उनाड पोराचा बाप शाळेतला सर्वांत जागरूक पालक ठरला. त्याचा सत्कार ठरला. निमंत्रण ग्रुपवर पडलं. पोराने त्यालाही अंगठा दिला. शाल-नारळ घेऊन मंडळी वाट पाहत बसली. बाप तिकडे सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढत होता.

मॅडमना तरी बोलता येतं, असं समजू नका. त्यांच्या डोक्यावर केंद्राचा ग्रुप, त्यावर तालुक्याचा, त्यावर जिल्ह्याचा. सगळीकडे ॲडमिनच बोलणार. भागाकार अर्ध्यावर असताना ‘तात्काळ माहिती सादर करा’ येतं. मॅडम खडू ठेवतात, अंगठा देतात. हातचा राहून जातो.

आणि ती पालकसभा! मंगळवारी, सकाळी ११ वाजता, ऐन सोयाबीन काढणीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या, त्या शाळेला प्रश्न विचारायला. आपण त्यांना बॅनरखाली उभं करतो, फोटो काढतो आणि रजिस्टरवर सही घेतो. बाई आली नसेल तर तिच्या नवऱ्याची. एक दिवसाची मजुरी बुडवून यायचं ते यासाठी? अकराची वेळ सोयीची कुणाला, ज्याचा पगार सभेतही चालू असतो त्याला. ‘बाई, तुम्हाला कधी जमेल?’ एवढं विचारायला कोणता जीआर लागतो? ती म्हणेल संध्याकाळी सात. मग साहेबांची गाडी चुकते, हे खरं दुखणं आहे.

परवा सकाळी मजुरीला निघालेली एक माय शाळेच्या फाटकाशी थांबली.

‘‘मॅडम, पोट्टं वाचते का हो काही?’’

‘‘वाचतो. जोडाक्षराला अडतो. घरी रोज एक पान मोठ्याने वाचू द्या.’’

‘‘मले कुठं येते वाचता?’’

‘‘तुम्ही नुसतं ऐका.’’

बॅनर नव्हता, जीपीएस फोटो नव्हता. त्या दिवशीच्या अहवालात ‘पालकभेटी’च्या रकान्यात शून्य आहे.