व्यक्तिमत्त्व विकास, वाढीव बांधकामासह

मराठी माणसाच्या अंगात सुप्त गुण फार. जागे असलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही बहुधा शेजाऱ्याच्या अंगात. म्हणून आमच्या कल्याण-डोंबिवलीकडे दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात गुण जागे करण्याची कार्यशाळा असते. शुल्कात चहा, उपमा आणि एक प्लॅस्टिकची फाइल. वक्ता कॉलरला माइक लावून सांगतो, "तुमच्यासारखे फक्त तुम्हीच!" समोरचे दोनशे जण एकदम मान हलवतात, एकसारखी. सोमवारी तेच दोनशे जण लोकलच्या दारात लोंबकळत असतात आणि त्यांचे गुण ठाणं यायच्या आत पुन्हा झोपी गेलेले असतात.

आमचं निदान असं की पत्ता चुकतो. आत्मशोधासाठी लोक हिमालयात जातात, इगतपुरीला जातात, ज्यांना रजा मिळत नाही ते कर्जतच्या फार्महाउसवर जातात. जायला हवं उल्हासनगर कॅम्प १ ला. आम्ही तिथलेच असल्यामुळे हा सल्ला निःपक्ष नाही, पण भाड्यात परवडणारा आहे.

कसं पोचावं

उल्हासनगर स्टेशनवर उतरू नये. ते कर्जतच्या मार्गावर आहे आणि कॅम्प ३ वाल्यांच्या सोयीचं आहे. कॅम्प १ साठी कसारा बाजूची गाडी पकडून कल्याणनंतर शहाडला उतरायचं. स्वतःला शोधायला निघालेल्यांतले निम्मे इथेच गळतात, कारण कल्याणला इंडिकेटर बघायचा कंटाळा. शहाडला बिर्लांनी बांधलेलं विठ्ठलमंदिर आहे, जवळच सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. आमच्या आधीच्या पिढीतल्या कित्येक मराठी घरांचा व्यक्तिमत्त्व विकास कारखान्याच्या गेटवर 'पर्मनंट' झाल्याच्या दिवशी पूर्ण झाला आणि नंतर पुन्हा कधी उद्भवला नाही. तिथून रिक्षावाल्याला 'गोल मैदान' म्हणावं. मीटरचा विषय काढू नये. नकार पचवण्याचा सराव पुढच्या पायरीत आहे.

साहित्य

उल्हासनगरच्या मूळ प्रयोगाला लागलं ते असं. एक जुनी लष्करी छावणी, म्हणजेच आजचे हे कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ उभारलेली, बॅरॅक आणि पाण्याच्या टाक्यांसकट. त्यात १९४७ नंतर सिंधमधून आलेली सुमारे १ लाख माणसं. बॅरॅक सैनिकांसाठी होती, म्हणजे लांबलचक आणि आत भिंती नसलेली. मग दोन कुटुंबांमध्ये गोणपाटाचा पडदा. पलीकडच्याचा खोकला, भांडण, बाळंतपण सगळं अलीकडे ऐकू यायचं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि त्यांनी छावणीचं नाव उल्हासनगर ठेवलं. पडदे तसेच राहिले.

आता मुद्द्याचं. या लाखभर माणसांत जमीनदार होते, मास्तर होते, सावकार होते, सरकारी कारकून होते. त्यांच्यापैकी एकाचीही कल चाचणी झाली नाही. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना कल चाचणी २०१६ मध्ये आली; छावणीवाल्यांचं वय तोवर निघून गेलं होतं. कोणी त्यांना विचारलं नाही की तुम्हाला आतून काय करावंसं वाटतं. आतून त्यांना बहुतेक घरी जावंसं वाटत असणार. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ते पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटं घेऊन लोकलच्या डब्यात चढले.

पहिली पायरी : खोकं सांभाळा

आमच्याकडे जुने लोक अजून सांगतात, की त्या काळात काही जण आणलेल्या भावातच माल विकायचे. नफा शून्य. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस वेडा आहे. संध्याकाळी माल ज्या खोक्यात किंवा गोणीत आला ते रिकामं खोकं नाहीतर गोणी विकायची, आणि तेवढ्यावर घरी पीठ न्यायचं.

साधकाने ही पायरी नीट अभ्यासावी. तुमचा सर्वांत मोठा गुण कदाचित खरेदीच्याच भावात जाईल. जाऊ द्या. मराठी कवींना हे तंत्र अर्धं अवगत आहे. ते संग्रह स्वखर्चाने छापतात आणि फुकट वाटतात, म्हणजे छावणीपेक्षाही स्वस्त. पण उरलेल्या प्रती रद्दीवाल्याला देताना घासाघीस करायला लाजतात आणि तिथे मार खातात. छावणीतला मास्तर लाजला नाही. त्याला लाज नव्हती असं नव्हे. त्याच्या पडद्यापलीकडे सगळं ऐकू जात होतं.

दुसरी पायरी : वेगळेपण टाळा

ही पायरी कार्यशाळेत शिकवत नाहीत, कारण शिकवली तर कार्यशाळा बंद पडेल.

कॅम्प २ च्या गजानन मार्केटात जा. दुकानाला दुकान खेटून, सगळीकडे कपडा. पहिल्या दुकानात जो गुलाबी सूट टांगलाय तोच तिसऱ्यात आणि तोच सातव्यात. मराठी मन इथे विचार करतं, की इतके लोक हेच विकतायत तर आपण दुसरं काहीतरी वेगळं करावं. मग ते घरी जातं आणि वीस वर्षं वेगळ्याचा विचार करतं. कॅम्पातलं डोकं म्हणतं, इतके लोक हेच विकतायत म्हणजे हे खपतंय, मी आठवा. पहिल्या दुकानातून बाई उठली की ती किती रुपयांवर अडली ते सातव्याला कळलेलं असतं, आणि तो बरोबर त्याच्या वीस रुपये खाली बोलतो. बाईला वाटतं आपण जिंकलो. सातव्यालाही तसंच वाटतं. पहिल्या दुकानदाराचा चहा मात्र मध्येच थांबतो, पण तोही उद्या दुसऱ्या कुणाचा तरी सातवा असतो.

'तुमच्यासारखे फक्त तुम्हीच' हे वाक्य या मार्केटात उच्चारू नये. अपमान समजला जातो.

लेबलाविषयी

उल्हासनगरवरचा कुठलाही लेख 'मेड इन यूएसए'ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुरा होत नाही, तेव्हा हाही पुरा करून टाकू. मालावर 'मेड इन यूएसए' असा छाप. कोणी हरकत घेतली तर खुलासा तयार, की यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. ही गोष्ट आम्हाला आजवर सर्वांत चवीने सांगितली ती सिंधी मित्रांनीच. बाकी जगाला 'उल्हासनगरचा माल' ही शिवी वाटते आणि खरेदीला मात्र जग इथेच येतं.

यातून घ्यायचं ते एवढंच, की छाप हवा. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ सरकारी खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या कार्डावर आता 'लाइफ ट्रान्सफॉर्मेशन कोच' असं सोनेरी अक्षरांत आहे. उभ्या नोकरीत त्यांनी एक फाइल टेबलावरून हलू दिली नाही; आता ते लोकांना पुढे कसं सरकावं ते शिकवतात. अक्षरं इतकी उठावदार आहेत की अंगठा फिरवावासा वाटतो.

पण छाप कोणाचा आणि काम कोणाचं हे पाहायचं असेल तर कॅम्प ५ कडे जा, जिथे जीन्स तयार होतात. कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, काज-बटण करणारा वेगळा, धुणारा वेगळा. शेवटी गठ्ठे घराघरांत जातात. दुपारची भांडी आटोपून बायका उंबऱ्यात बसतात, मांडीवर पँट, हातात छोटी कात्री, आणि शिवणीतून लोंबणारे दोरे कापत जातात. याला धागा कटिंग म्हणतात. पैसे नगावर. नजर टीव्हीवर, कान कुकरवर, आणि कात्री तरी कापडाला लागत नाही. हा गुण कुठल्याही चाचणीत मोजला जात नाही, त्यामुळे तो सुप्तच समजावा. इतक्या हातांतून गेल्यावर कमरेवर जे लेबल लागतं ते कापणाऱ्याचं नसतं, शिवणाऱ्याचं नसतं, उंबऱ्यातल्या बाईचं तर नसतंच.

जाता जाता सांडपाण्याबद्दल. जीन्स धुतलेलं रंगीत पाणी वालधुनी नदीत जात राहिलं. मग तक्रारी, कोर्ट, कारवाई असं होत धुलाईचे कारखाने बंद पडले किंवा दुसरीकडे गेले. साधकानेही आपल्या विकासाचं सांडपाणी कुठे जातंय ते अधूनमधून पाहावं. सहसा ते घरच्यांकडे जातं. पहाटे पाचला उठून 'मी समर्थ आहे' असं मोठ्याने म्हणणाऱ्याच्या बायकोला विचारा.

तिसरी पायरी

परवानगी मिळालेली नाही. प्रस्ताव दाखल आहे. वाचकांनी ती आहे असं समजून वर चढावं.

चौथी पायरी : आधी वाढा, मग नियमित व्हा

उल्हासनगरचं क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाख ६ हजार. आडवं वाढायला जागा नाही, म्हणून गाव उभं वाढलं. बॅरॅकवर मजला, मजल्यावर मजला, त्यावर पत्र्याची शेड आणि शेडवर पाण्याची टाकी. मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या. मग २००६ मध्ये राज्य सरकारने खास उल्हासनगरसाठी कायदा केला, की दंड भरा आणि नियमित व्हा. एका गावाच्या वाढीसाठी विधिमंडळाने वेगळा कायदा करावा, असं भाग्य किती साधकांना लाभतं?

कार्यशाळेतला वक्ता नेमकं हेच सांगतो, फक्त इंग्रजीत. पात्रतेची वाट पाहू नका, आधी उडी मारा, पात्रता मागून येईल. आमच्या ओळखीत अशा रीतीने आधी वक्ते होऊन नंतर वाचायला लागलेले आहेत. काही अजून लागायचे आहेत.

मात्र पायाकडे बघावं. २०२१ च्या मे महिन्यात पंधरा दिवसांच्या आत इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि घरात बसलेली माणसं गेली. त्यातली एक इमारत आमच्याच कॅम्प १ मधली. स्लॅब वरच्या मजल्यावरचा सुटला आणि एकेक मजला घेत खाली आला. या गोष्टीची गंमत करता येत नाही, म्हणून पुढे जाऊ.

आहार

सकाळी गोल मैदानाच्या बाजूला दाल-पकवान खावं. अंडी आणि ओट्सने आत्मविश्वास वाढतो म्हणतात, पण आमचा अनुभव मैद्याच्या बाजूचा आहे. ओवा-जिरं घातलेली मैद्याची पोळी लाटतात, तेलात सोडण्याआधी तिला काट्याने जागोजाग टोचे मारतात आणि मंद आचेवर तळतात. टोचे का? तर ती फुगू नये म्हणून. फुगली की पुरी झाली, आणि पुरी निवली की बसते. टोचलेलं पकवान दुपारपर्यंत कडक राहतं. वर चण्याची डाळ, हिरवी चटणी, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. आत्मविश्वास वाढवण्याचे वर्ग घेणाऱ्यांनी निदान एकदा एखाद्या कढईशेजारी उभं राहून ते टोचे बघावेत.

सिंधी घरी गेलात तर आधी पाणी आणि त्याबरोबर पापड येईल. नाही म्हणू नये. आम्ही मराठी लोक "आत्ताच जेवून आलो" म्हणतो आणि मग दीड तास विषय निघेल तिथे बसून राहतो.

प्रगत साधकांसाठी

अलीकडे बोटांच्या ठशांवरून मुलाचे उपजत गुण सांगण्याची एक चाचणी गल्लोगल्ली आली आहे. डीएमआयटी म्हणतात तिला. यंत्रावर मुलाची दहा बोटं टेकवायची, आठ-दहा दिवसांनी रंगीत आलेखांचा जाड अहवाल येतो. त्यात मूल नेतृत्वात उत्तम, संगीतात चांगलं आणि गणितात 'वाव आहे' असं असतं. सगळ्यांच्याच अहवालात थोड्याफार फरकाने असतं. याला शास्त्रीय आधार नाही, असं भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट केलं आहे. पण आईबापांना आधार शास्त्राचा नको असतो, रंगीत आलेखाचा हवा असतो.

आमच्या बाजूच्या गल्लीत असं एक केंद्र निघालं. आमच्याच चाळीतले एक मराठी काका नातवाला घेऊन गेले, अहवाल आणला, लॅमिनेट केला आणि देवघराशेजारी लावला. नातू नेतृत्वात उत्तम निघाला. त्या दिवसापासून तो कोणाचं ऐकत नाही.

समोरचा मोबाइल कव्हरवाला सिंधी, आमचा 'साईं', तोही मुलाला घेऊन गेला. पोराने दहा बोटं टेकवली. बापाने अहवाल उघडलासुद्धा नाही. गल्ल्याखाली ठेवून दिला. तो केंद्रवाल्याशी चहा पीत बसला होता. यंत्र कुठून आणलं? नवं की सेकंडहँड? दिवसाला किती पोरं येतात? शाळेशी बोलणं करून दिलं तर तुम्ही मास्तरला काय देता? रंगीत पान पडतं केवढ्याला? गाळ्याचं भाडं किती, डिपॉझिट किती? केंद्रवाला उत्तरं देत गेला. इतका रस घेणारा पालक त्याला पहिल्यांदाच भेटला होता.

दिवाळीच्या सुमारास मोबाइल कव्हरांच्या मागे एक पार्टिशन पडलं आणि काचेवर मेंदूचं चित्र लागलं. परवा आम्ही चार्जर घ्यायला गेलो तर साईंनी आमच्या धाकट्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"भाऊ, याची बोटं दाखवली कुठे?"

"नाही अजून."

"मग तिकडे कशाला जाता? ते तीन हजार घेतात. मी अठ्ठावीसशे. वर कव्हर फ्री."