ट्रेन व्ह्यू

जाहिरातीत 'स्टेशनपासून सात मिनिटं' असं छापलं होतं. ती सात मिनिटं चालत, रिक्षाने की घाटाच्या उतारावर ब्रेक न लावता, तेवढं छापायचं राहिलं होतं. पण दादरच्या आमच्या दीड खोलीचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपत आलं होतं आणि घरमालक जिन्यात भेटला की हल्ली फारच गोड हसायचा. त्यामुळे एका रविवारी आम्ही दोघं आणि हिचे मामा असे तिघं घर बघायला निघालो.

मामांना नेलं ते जाणकार म्हणून. आयुष्यभर मध्य रेल्वेत गार्ड, आणि त्यातली तीस वर्षं मुक्काम कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. 2022 मध्ये रेल्वेने 'गार्ड'चा 'ट्रेन मॅनेजर' केला, तेव्हा मामा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. ही त्यांची दुखरी नस. एरवी माणूस आनंदी. आता कोथरूडला मुलाकडे असतात आणि रात्री तीनला उठून बसतात. का, तर फार शांतता असते.

दादरला कर्जत लोकल मिळाली आणि मला चौथी सीट मिळाली. मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तेव्हा त्याचा अर्धा भाग बाकावर असतो आणि अर्धा आशेवर. ठाणं येईपर्यंत मी आशेवरच होतो. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, ती 34 किलोमीटर, 14 डबे आणि 400 पाहुणे घेऊन. ''म्हणजे डब्याला तीस माणसंसुद्धा नाहीत,'' मामा म्हणाले. त्या वेळी आमच्या डब्याच्या नुसत्या दारात तेवढी होती.

या मार्गावर माणूस घर शोधत नाही, घर त्याला पुढे पुढे ढकलत नेतं. दादर परवडत नाही तो ठाण्याला बघतो, ठाणं परवडत नाही तो डोंबिवलीला. कल्याणला रुळांना फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. आणि तिथे मध्यमवर्गीय माणसाला आयुष्यात पहिल्यांदा निवड करायला मिळते. आम्ही कर्जत निवडलं. पण त्या दिवशी बदलापूरच्या पुढे ब्लॉक होता, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद. साठेक किलोमीटर नेऊन गाडीने आम्हाला बदलापूरला उतरवलं.

स्टेशनबाहेर साइट दाखवायची फुकट गाडी उभी होती. तीत टाय लावलेला एक तरतरीत मुलगा. पाऊण तास खड्डे मोजल्यावर कळलं की जाहिरातीतलं स्टेशन वांगणी होतं, आणि तेही इमारतीपासून दोन किलोमीटर. रूळ मात्र बाल्कनीपासून वीस पावलांवर. गाडी रोज आमच्या नाकाखालून जाणार आणि ती पकडायला आम्ही तिच्या मागे दोन किलोमीटर पळणार.

''सी व्ह्यू असतो ना साहेब, तसा हा ट्रेन व्ह्यू,'' मुलगा म्हणाला. ''आणि शांतता बघा!''

आम्ही शांतता बघितली. खरोखरच अप्रतिम होती. बुलबुल बोलत होता. लांब कुणाची तरी म्हैस हंबरली, तीसुद्धा बेताने. मंडळी ओट्यापाशी उभी राहून मिक्सर कुठे आणि पिठाचा डबा कुठे, हे हवेत मांडू लागली. हा धोक्याचा कंदील. बाई रिकाम्या ओट्यावर डबे मांडू लागली की नवऱ्याचं कर्ज मंजूर झालंच म्हणून समजावं.

पण पिठाचा डबा ठेवता ठेवताच तिने विचारलं, ''2019 च्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ती इथेच ना?''

मुलाच्या टायची गाठ किंचित सैल झाली. त्या जुलैत उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये रात्रभर उभी राहिली. हजारावर माणसं दुसऱ्या दिवशी बोटींतून बाहेर काढावी लागली.

''ते तिकडे, मॅडम,'' मुलाने हात केला. मग आपला हात नदीच्या दिशेला आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो खिशात घातला.

मामा बाल्कनीत होते. ''रेल्वेच्या हद्दीपासून 30 मीटरच्या आत बांधायचं तर रेल्वेची एनओसी लागते. आहे?''

''आहे ना काका. फाईलमध्ये.''

''फाईल?''

''ऑफिसात.''

''ऑफिस?''

''रविवारी बंद.''

तेवढ्यात मला खाली रुळांच्या कडेला एक पिवळी पाटी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं: सी/फा. हे काय, म्हणून मी विचारलं. मुलाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ''सी-फेसिंग.''

वांगणीहून समुद्र बघायचा तर मधले डोंगर हलवावे लागतील. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ''जावईबापू, सी म्हणजे सीटी आणि फा म्हणजे फाटक! पुढे फाटक आहे, म्हणून या पाटीपासून ड्रायव्हरने शिट्टी वाजवायची. लांबलचक. दिवसा आणि रात्री.''

''प्रत्येक गाडीने?'' हिने विचारलं.

''प्रत्येक. आणि रात्री लोकल झोपल्या की मालगाड्यांना रान मोकळं.''

''मग आत्ता का वाजत नाही?''

''ब्लॉक आहे ना! म्हणून तर हा आपल्याला रविवारी दुपारी घेऊन आलाय.''

मुलगा बुलबुलाकडे बघू लागला.

मामांनी थर्मासमधला चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि पेला बाल्कनीच्या कठड्यावर ठेवून दिला. ''थांबा आता,'' म्हणाले. चारच्या सुमारास चहावर पहिल्यांदा साय थरथरली. मग वर्तुळं उठली. मग खिडकीची काच बोलू लागली. मग ती शिट्टी. तिचं वर्णन करत नाही, कारण ती कानाला ऐकूच येत नव्हती, दातांत वाजत होती. मालगाडी होती. मुलगा तोंड हलवून काहीतरी सांगत होता, बहुधा हप्त्याबद्दल. पेला कठड्यावरून एक एक पाऊल टाकत निघाला आणि शेवटच्या काही डब्यांच्या आधी त्याने खाली उडी घेतली.

मामांना पेल्याचं भान नव्हतं. ते ताठ उभे राहून डबे मोजत होते. पंचेचाळीस. मागे ब्रेकव्हॅन आली, तसा त्यांनी खिशातला रुमाल काढून हलवला. ब्रेकव्हॅनमधल्या माणसाने क्षणभर वर बघितलं आणि हिरवी झेंडी दाखवली. मामांचा चेहरा असा उजळलेला मी हिच्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

परतताना गाडीत कोणी फारसं बोललं नाही. माझा आणि हिचा निकाल झाला होता: नको. बदलापूर येता येता मामांनी मुलाला विचारलं, ''टोकन किती द्यावं लागतं?''

आम्ही अजून दादरलाच आहोत. घरमालकाने दोन हजार वाढवले. मामा वांगणीच्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. कागद मात्र त्यांनी एकेक तपासून घेतले आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून आले. रात्री साडेनवाच्या आसपास त्यांचा फोन येतो आणि महालक्ष्मी किती लेट आहे ते आम्हाला सांगतात. तीनला उठणं बंद झालंय, कुंभकर्णासारखे झोपतात.

परवा मात्र आवाज उतरलेला होता. फाटक बंद करून तिथे उड्डाणपूल होणार, अशी गावात बोलवा आहे. फाटक गेलं की पाटी जाणार, आणि पाटी गेली की शिट्टी. मामा रेल्वेला अर्ज लिहायला बसले आहेत.