खारुताईचा नाद नाय करायचा

डॉक्टर डूम हा मार्व्हल कॉमिक्समधला पहिल्या फळीतला खलनायक. लॅटव्हेरिया देशाचा राजा, अंगात चिलखत, तोंडावर लोखंडी मुखवटा आणि 'मला' न म्हणता 'डूमला हे मान्य नाही' असं बोलायची खोड. (ही खोड आमच्याकडे फक्त माजी नगरसेवकांना असते.) भल्याभल्यांना पाणी पाजणाऱ्या या गृहस्थाला 1991 साली 14 वर्षांच्या एका मुलीने पळवून लावलं. डोरीन ग्रीन, ऊर्फ स्क्विरल गर्ल. पुढे दोन मोठे दात, मागे झुपकेदार शेपूट आणि हाकेला ओ देणाऱ्या रानभरच्या खारी. त्या डूमच्या विमानात शिरल्या, वायरी कुरतडल्या, मग डूमलाच कुरतडायला लागल्या. आयर्न मॅन हा चिलखतवाला सुपरहीरो त्याच विमानात अडकला होता, तोही सुटला. पोरीने विचारलं, आता मला जोडीदार म्हणून घेशील? त्याने आभार मानले आणि विषय मिटवला. रामसेतूच्या खारीला निदान पाठीवरून हात तरी फिरवून मिळाला होता.

गोष्ट विल मरेची, चित्रं स्पायडरमॅन घडवणाऱ्या स्टीव्ह डिटकोची. वाचणाऱ्यांनी ती थट्टेवारी नेली. पण थट्टेतली मुलगी जिंकतच राहिली. 2005 साली तर तिने थॅनॉस नावाच्या महाखलनायकाला लोळवलं. एवढी कर्तबगारी बघून 2010च्या सुमारास तिला अॅव्हेंजर्स या सुपरहीरोंच्या टोळीच्या वाड्यात रीतसर मुलाखत घेऊन नोकरी मिळाली. तिथल्या ल्यूक केज आणि जेसिका जोन्स या जोडप्याची तान्ही मुलगी सांभाळायची! थॅनॉसला आडवं केलंस ना? छान. आता बाळाला झोपव.

ही परंपरा जुनी आहे. वंडर वुमन म्हणजे मनगटातल्या कड्यांवर गोळ्या झेलणारी राजकन्या. तिला 1942 साली जस्टिस सोसायटी या सुपरहीरोंच्या संघातल्या पुरुषांनी घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. तिचे जनक विल्यम मार्स्टन बायकाच जगावर राज्य करणार म्हणून सांगत फिरायचे, पण सोसायटीच्या गोष्टी लिहायचे गार्डनर फॉक्स. त्यामुळे मंडळी मोहिमेवर निघाली की ही शुभेच्छा देऊन मागे थांबायची. त्याच वर्षी आपल्याकडे 'चले जाव' झालं. तिकडे 'आम्ही जातो, तू थांब' झालं. मी स्वतः आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे मला यात नवल वाटत नाही. अध्यक्ष पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढून घेतात. इतिवृत्त मी लिहिते.

डोरीनचं नशीब 2015 साली फळफळलं. लेखक रायन नॉर्थ आणि चित्रकार एरिका हेंडरसन यांनी तिला वाड्याच्या माळ्यावरून काढलं आणि थेट कॉलेजच्या होस्टेलवर नेलं. विषय कॉम्प्युटर सायन्स. हे अंक माझ्या भाचीने माझ्या हातात कोंबले. "आत्या, वाच. ही अगदी तुझ्यासारखी आहे." अंगाने की स्वभावाने, हे विचारायचं मी टाळलं. कारण ही डोरीन चांगली धट्टीकट्टी आहे. सुपरहिरोइन म्हटलं की कंबर इतकी बारीक काढतात की आतडी कुठे ठेवत असतील, असा प्रश्न पडतो. हिच्या पोटात दोन वेळचं जेवण मावतं. कुणाला ओळख कळू नये म्हणून ती शेपूट पँटमध्ये कोंबते, त्यामुळे मागून भलतीच भरदार दिसते, आणि ते तिला चक्क आवडतं! ड्रेसच्या दुकानात पडद्यामागे श्वास रोखून उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हे आधी कुणी दाखवलं असतं, तर एक-दोन साइझचा श्वास तरी वाचला असता.

आणि दात. माझी थोरली आत्या म्हणायची, "दात काढू नकोस, मुलीच्या जातीला शोभत नाही." दुसरं वाक्य, "किती बोलतेस!" डोरीन पानापानावर दात काढते आणि अखंड बोलते. तिच्या लढाया निम्म्या बोलण्यावरच मिटतात. गॅलॅक्टस नावाचा अगडबंब प्राणी अख्खे ग्रह गिळतो. तो पृथ्वीकडे निघाला, तेव्हा ही आयर्न मॅनच्या चिलखताचे भाग न विचारता उचलून चंद्रावर पोचली. तिथे काय केलं? गप्पा. एवढं काय पेटलंय पोटात, म्हणून विचारपूस. मग सुकामेव्याने गच्च भरलेला, वस्ती नसलेला एक ग्रह शोधून दिला. खाऊन गेला बिचारा. इतर सुपरहीरो त्याच्याशी अनेक वर्षं मारामारी करत होते. जेवलास का, हे एकालाही सुचलं नव्हतं. थोरल्या आत्याला पहिल्या मिनिटाला सुचलं असतं, फक्त चंद्रावर जाऊ कोण देणार?

2017 साली या मालिकेला आयस्नर पुरस्कार मिळाला, हे भाचीने मला दोनदा ऐकवलं. मला मात्र त्यातली बोटं मोजायची युक्ती जास्त आवडली. एका अंकात डोरीन एका हातावर 31पर्यंत मोजायला शिकवते, कॉम्प्युटर मोजतो तसं. अंगठा म्हणजे एक, तर्जनी म्हणजे दोन, दोन्ही मिळून तीन. चारला नुसतं मधलं बोट वर राहतं. भाचीने माझ्याकडून महिनाभर घोटून घेतलं. आता हात आपोआप तसाच चालतो.

परवाच्या सभेत अध्यक्षांनी टाकीवर स्वतःच्या नावाची पाटी लावायचा ठराव मांडला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सेक्रेटरी, विरोधात किती?"

मी हात वर करून मोजलं. चार होते.