मायक्रॉनचा माज

माणसाला मायक्रॉन कळू लागला की तो घरात राहण्याच्या लायकीचा उरत नाही. उधन्यातल्या आमच्या पार्किंगमध्ये जुना सरफेस ग्राइंडर बसवल्यापासून मी ओट्याचा ग्रॅनाइट तपासला, पोळपाट तपासला, सासुरवाडीहून आलेला देवाचा पाटही तपासला. सगळं वाकडं. हे मी जेवताना जाहीर केलं. "अहो, पोळ्या गोल आहेत ना? मग गिळा," ही म्हणाली. शेजारच्या मासींना ग्राइंडर म्हणजे घरघंटी वाटली. त्या बाजरीचा डबा घेऊनच आल्या.

यंत्र तसं साधं. वर चाक फिरतं, खाली जॉब मागेपुढे सरकतो. गर्व मोडायला मात्र एक पातळ पट्टी पुरते. चुंबकाच्या चकावर ठेवली की ती सरळ होते, साहेब केबिनबाहेर आल्यावर कारकून होतो तशी. घासून चुंबक सोडलं की पुन्हा कमान! म्हणून आधी खाली कागदाचे तुकडे सारून कमानीला आधार द्यायचा. त्यात वरची बाजू तापली की पट्टी मध्ये फुगते, चाक तो फुगवटा खातं आणि गार झाल्यावर तिथे खळगा उरतो. मग कूलंट सोडायचा. सुरतेच्या मे महिन्यात पट्टी गार असते, भिजतो मी.

आता हिऱ्याकडे येतो. मला तर केव्हापासून यायचं होतं. चाकाची धार गेली की ते ड्रेस करावं लागतं, आणि ते हिऱ्याने. दांडीच्या टोकाला बसवलेला ओबडधोबड हिरा, किंचित तिरका धरलेला. जळगावच्या नातेवाइकांना मी "हल्ली हिऱ्यांचं काम करतो" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. फक्त अनेकवचन जास्त झालं. पण गंमत पुढे आहे. याच हिऱ्याच्या पावडरीचं चाक करून पोलाद घासायला जा, हिराच झिजतो! हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन गिळतं. पोलादासाठी वेगळं काही हवं होतं. ते, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइड, 1957 साली जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी बनवलं. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल, पण लोखंडापुढे विरघळत नाही. इकडे वराछात मात्र हिरे घासायची घंटी बिडाचीच, वर तेलात कालवलेली हिऱ्याची पावडर. त्यातही हिरा सगळ्या दिशांनी सारखा कडक नसतो. घासली जाणारी दिशा कारागिराला हुडकावी लागते, नाहीतर घंटी फिरत राहते आणि हिरा ढिम्म.

हे सगळं मी तिसऱ्या घरातल्या अमरेलीच्या भाईंना ऐकवलं. ते आयुष्यभर घंटीवर बसलेले. त्यांनी ऐकून घेतलं, खिशातून आयग्लास काढली, माझ्या आरशासारख्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पॉलिश बाकी छे."

दीड-दोन मिलिमीटरच्या खड्यावर 57 पैलू पाडणारा माणूस. मजुरी नगावर. पैलू चुकला तर कापून घेतात. मंदी आली की दिवाळीची सुट्टी लांबते; कारखाना कधी उघडणार हे कोणी सांगत नाही, आणि काढून टाकलं असंही कोणी म्हणत नाही. याची मला चीड येते. माझी पट्टी बिघडली तर मी ती कोपऱ्यात फेकून चहाला जातो. त्यांची सुट्टी या वर्षी होळीपर्यंत आली होती.

जाताना त्यांनी विचारलं, "लूमचे पार्ट घासणाऱ्याला रोज किती मिळतो?" मला पाच मायक्रॉन कुठे जातात ते सांगता येत होतं, हे नाही. दुसऱ्या दिवशी जीआयडीसीत चार ठिकाणी विचारून आलो.

आता संध्याकाळी चाकापाशी भाई उभे असतात. ठिणग्यांच्या आवाजावरून कट जास्त झाला हे त्यांना माझ्या डायलच्या आधी कळतं. मला ते हँडलला हात लावू देत नाहीत. मी कूलंटची नळी धरतो. हिरा बसवायचं काम तेवढं माझ्याकडे आहे, आणि जळगावला फोनवर मी तेवढंच सांगतो.