नव्याण्णव वर्षांचे स्वामित्व

इंग्लंडात घर खरीदणाऱ्या मनुष्यास त्याचा वकील आरंभीच जे प्रश्न विचारण्याचा उपदेश करतो, त्यांची यादी आमच्या एका स्नेह्यांच्या चिरंजीवांनी रेडिंगहून तीर्थरूपांच्या सेवेशी रवाना केली, आणि तीर्थरूपांनी ती ताथवड्यातील आपल्या चौदाव्या मजल्यावरील सदनिकेत आम्हांस साद्यंत वाचून दाखविली. जमीन निर्वेध मालकीची की भाडेपट्ट्याची. पट्ट्याची असल्यास मुदत किती उरली. भुईभाडे किती, आणि ते किती वर्षांनी दुप्पट करण्याची तजवीज पट्ट्यात करून ठेवली आहे. छप्पर गळल्यास पैसे कोणी मोजावयाचे. मांजर पाळण्यास भूस्वामीची अनुज्ञा लागते काय. आणि सरतेशेवटी, गावच्या चर्चच्या गाभाऱ्याची डागडुजी करण्याचा मध्ययुगीन बोजा प्रस्तुत मिळकतीवर आहे काय. हा अखेरचा प्रश्न कोणास विनोद वाटेल. परंतु वॉरिकशायर परगण्यातील एका दांपत्यावर लॉर्ड्स सभेने २००३ साली असाच बोजा कायम केला. देवस्थान इनामाची जमीन भक्ताने परस्पर गिळंकृत करावी ही आमच्या परिचयाची रीत. देवाने भक्ताच्या घरावर बोजा चढवावा, हे आम्हांस सर्वथैव नवीन होते.

स्नेह्यांनी यादीची घडी घातली आणि विजयी मुद्रेने म्हणाले, “अहो, बिचाऱ्यांना अजून जमीनदार आहेत! आपले कसे, फ्रीहोल्ड!”

ही कणव अगदीच अस्थानी नव्हे. त्या देशात सदनिका म्हटली की ती बहुधा पट्ट्याचीच असावयाची, आणि पट्ट्याची मुदत ८० वर्षांखाली उतरली की मुदतवाढीने वाढणाऱ्या मूल्याचा निम्मा वाटा भूस्वामीच्या पदरात टाकावयाचा, असा तेथील शिरस्ता. तो मोडण्याची तरतूद पार्लमेंटास २०२४ साली सुचली. तत्पूर्वी २०२२ मध्ये नव्या दीर्घ पट्ट्यांवरील भुईभाडे मिऱ्याच्या एका दाण्यावर आणून ठेवण्यात आले. ज्या मिऱ्यांच्या लोभाने त्यांच्या पूर्वजांनी आमच्या किनाऱ्यास जहाजे लावली, त्यांचा भाव इतका उतरलेला पाहून कोणत्याही देशभक्तास समाधान वाटावे.

परंतु पट्टा ही चीज पाहण्यासाठी विलायतेस जाण्याचे प्रयोजन नाही. निगडीपर्यंत गेले तरी पुरे. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले, आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांची वडिलोपार्जित जमीन संपादून ती त्याने इतरेजनांस ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली. मूळ शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी अर्ज करीत राहिले, आणि नवे पट्टेदार घर विकावयाचे झाल्यास ना-हरकत दाखला व हस्तांतरण शुल्क यांसाठी अर्ज करीत राहिले. म्हणजे उभयपक्षी समता प्रस्थापित झाली. औद्योगिक विकास महामंडळ कारखानदारांस ९५ वर्षांचा पट्टा देते; ही चार वर्षे कोणत्या त्रैराशिकाने वजा झाली, ते महामंडळच जाणे. पुढे २०२१ साली शासनाने प्राधिकरणच विसर्जित केले आणि त्याची दौलत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व महानगरपालिका यांत वाटून टाकली. पट्टेदाराचे नव्याण्णव वर्षांनंतर काय होणार या चिंतेत सारे नगर असता, पट्टा देणारा भूस्वामीच एकोणपन्नासाव्या वर्षी कैलासवासी झाला! शिलाहार राजे भूमिदान करीत तेव्हा शिळेवर चंद्रसूर्य कोरून, ते असेतोवर दान अबाधित राहील असे जाहीर करीत, आणि दान मोडणाऱ्यास त्याखाली एका गर्दभासहवर्तमान असा शाप देत की त्याचे वर्णन सभ्य वृत्तपत्रात छापता येत नाही. प्राधिकरणाच्या करारनाम्यात चंद्रसूर्यही नाहीत आणि गर्दभही नाही.

तरीही निगडीकराचे एक भाग्य आहे: आपला धनी कोण, हे त्याला ठाऊक असते. ताथवडे मात्र फ्रीहोल्ड. हे मुळशी तालुक्यातील गाव २००९ साली महानगरपालिकेत आले, आणि पशुसंवर्धन खात्याच्या प्रक्षेत्राभोवती इतक्या इमारती उठल्या की कागदपत्रांच्या दृष्टीने निश्चिंत असे रहिवासी आता तेथील गुरांखेरीज फारसे उरले नसावेत. आमच्या स्नेह्यांनी तीस वर्षांचा शोध-अहवाल घेतला, मेट्रोचा एक टक्का धरून सात टक्के मुद्रांक शुल्क हिशेबात मांडले, त्यातील एक टक्का वाचविण्याच्या उदात्त हेतूने स्त्री-स्वातंत्र्याचा पुरस्कार करून सदनिका सौभाग्यवतींच्या नावे केली, आणि दुय्यम निबंधकांपुढे अंगठे उमटवून ते मालकाचे यजमान झाले. मालकी कशाची? भिंतींच्या आतील चटईक्षेत्राची. खालची जमीन सातबाऱ्यावर मूळ जमीनमालकाच्या नावे, आणि विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र यांच्या बळावर बिल्डरच्या मुठीत. मोफा कायद्याची नियमावली म्हणते, संस्था नोंदविल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यावे. रेरा म्हणते, भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत. परंतु संकुल टप्प्याटप्प्याने उभे राहत असले की समाईक जमीन शेवटच्या टप्प्यानंतर द्यावयाची असते, आणि शेवटचा टप्पा हा क्षितिजाचा सख्खा भाऊ. चटईक्षेत्र निर्देशांक वाढला की वाढीव बांधकामाचा लाभ ज्याच्या हाती जमीन त्याच्या पदरी पडतो. सबब सहा इमारतींच्या संकुलाचा सातवा मनोरा नकाशावर सदैव गर्भावस्थेत ठेवण्यात शहाणपण असते. इंग्लंडातील भूस्वामी निदान मिऱ्याचा दाणा मागण्यापुरता तरी प्रकट होतो; आमचा भूस्वामी काहीच मागत नाही, कारण त्याने काही दिलेलेच नसते.

शासन मात्र दयाळू आहे. बिल्डर दस्त करून देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना सातमध्ये अर्ज करावा, सुनावणी व्हावी, आणि त्याच्या स्वाक्षरीवाचून जमीन संस्थेच्या नावे व्हावी, अशी मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. आमच्या स्नेह्यांच्या संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय लिफ्टमधील कुत्री, पाहुण्यांची पार्किंग आणि गणेशोत्सवाची वर्गणी यांच्यामागून, म्हणजे गणसंख्या मोडण्याच्या सुमारास आला. वकिलाची फी दरडोई किती पडेल हे कळताच एका सभासदाने बिल्डरच्या सौजन्याचा मुद्दा काढला. दुसऱ्याने, अर्ज केल्यास गळक्या टाकीची दुरुस्ती तो थांबवील, अशी भीती घातली. अखेर खुद्द आमच्या स्नेह्यांनी ठराव मांडला की कायदेशीर कटुता टाळून बिल्डरसाहेबांस चौथे विनंतीपत्र पाठवावे, आणि त्यासोबत यंदाच्या आरतीस प्रमुख पाहुणे म्हणून त्यांना निमंत्रण द्यावे. ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला, आणि शाल व श्रीफळ यांचा खर्च देखभाल निधीतून करण्यास मान्यता देण्यात आली.