मुंग्या, सावल्या आणि पट्टे: टीव्ही ट्यूनर कार्डाची प्राथमिक मार्गदर्शिका

कोणासाठी: नाशिकच्या इंदिरानगरातल्या अशा घरासाठी, जिथे हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी सातनंतर मालिकांचा ताबा असतो आणि क्रिकेट बघणाऱ्याने कॉम्प्युटरचा आसरा घेतलेला असतो. ही मार्गदर्शिका ३१ मार्च २०१३ पर्यंत लागू होती. त्या तारखेनंतरच्या वाचकांनी थेट शेवटचे कलम वाचावे.

साहित्य: पीसीआय स्लॉटमध्ये बसवलेले ट्यूनर कार्ड, पक्कड, धारदार चाकू, थोडी आरजी-६ केबल, स्क्रूचे एफ कनेक्टर आणि गच्चीची किल्ली. पहिली पाच दुकानात मिळतात. सहावी सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी गावाला गेलेले असतात.

मूळ नियम: माऊस पोहोचतो तिथे दोष क्वचित असतो. मात्र नवशिक्या तिथेच शोधत राहतो, कारण तिथे बसायला खुर्ची असते.

पायरी १. सॉफ्टवेअर उघडा आणि बंद करा. मधल्या वेळात देश ‘भारत’ आणि पद्धत ‘पॅल-बी’ आहे एवढेच बघा. आपल्याकडचे चित्र ६२५ ओळींचे, सेकंदाला २५ चित्रांचे. कार्डाला अमेरिकेची एनटीएससी लागली असेल, तर ते ५२५ ओळी आणि ३० चित्रे शोधत बसेल; रंग जातील आणि चित्र खाली-वर सरकत राहील. चित्र ठीक पण आवाजाची खरखर, असे असेल तर पद्धत ‘पॅल-आय’ झाली आहे. आपला आवाज चित्रलहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर असतो, कार्ड त्याला ६ वर हाका मारत असते. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या पट्ट्या ओढण्याचा मोह होईल. ओढा. पडद्यावर वळवळणाऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या होत्या तेवढ्याच राहून जास्त उजळ दिसतील.

पायरी २. खुर्ची मागे घ्या. हॉलमधला टीव्ही आपण दहा फुटांवरून बघतो, मॉनिटर दीड फुटावरून. कार्ड फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे चित्र देते. ते १२८० बाय १०२४ वर ताणले की समालोचकाच्या नाकाचे चौकोन होतात. शिवाय चित्राच्या सम आणि विषम ओळी आळीपाळीने, सेकंदाला ५० वेळा येतात. कॉम्प्युटर त्या जोडून एकदम दाखवतो, त्यामुळे धावणाऱ्या गोलंदाजाच्या कडांना कंगव्याचे दाते फुटतात. त्यावर डीइंटरलेसचा पर्याय असतो. खिडकी लहान करणे हा दुसरा उपाय, आणि त्याने निम्मे दोष दिसेनासे होतात. तिसरा उपाय शेजारच्यांकडे जाऊन मॅच बघण्याचा. पण त्यांच्याकडेही मालिकाच चालू असते.

पायरी ३. चित्र वाचायला शिका.

मुंग्या: सिग्नल अशक्त. एका तारेचे दोन फाटे करणारा स्प्लिटर प्रत्येक बाजूला निम्म्याहून कमी देतो, चार फाट्यांचा साधारण पाचवा हिस्सा. वरच्या मजल्याने एक फाटा काढला, मधल्याने एक, तुम्ही हॉल आणि बेडरूमसाठी आणखी एक. तिसऱ्या फाट्याशेवटी जे उरते ते कॉम्प्युटरला मिळते. त्यावर बूस्टर लावाल तर तो मुंग्यांनाही तेवढेच बळ देईल. बूस्टर फाटे फुटण्याआधी लावायचा असतो, म्हणजे वरच्या मजल्यावर. म्हणजे लागणार नाही.

सावली: प्रत्येक माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकी आवृत्ती. सिग्नल एका खराब जोडावर आपटून मागे जातो, दुसऱ्यावर आपटून उशिरा परततो. इथे नवशिक्याला हेरगिरी करता येते. पूर्ण आकारात चित्राचा एक ठिपका म्हणजे तारेचे सुमारे ९ मीटर. सावली तीन ठिपके सरकली असेल, तर दोन खराब जोडांत सुमारे २७ मीटरचे अंतर आहे. एक तुमच्या भिंतीवरचा धरा आणि दुसरा कोणाच्या दारात येतो ते पट्टीने मोजा. निष्कर्ष सोसायटीच्या सभेत मांडू नका.

जाड आडवे पट्टे, हळूहळू वर चढणारे: हा अर्थिंगचा प्रश्न. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन केवळ शोभेची आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा. तोवर कॅबिनेटला कौतुकानेही थोपटू नका.

तिरकी जाळी: घरातलाच आवाज, बहुधा कॅबिनेटच्या आतला. कार्ड ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या स्लॉटमध्ये बसवा.

काहीच नाही: घरात लाइट असेल, पण केबलच्या खांबावरचा बूस्टर ज्या फीडरवर आहे तिथे लोडशेडिंग असेल. तुमचा इन्व्हर्टर इथे कामाचा नाही. महावितरणचे वेळापत्रक बघा. तुमचे नव्हे, पलीकडच्या गल्लीचे.

पायरी ४. गच्चीवर जा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जोडांत पाणी शिरते आणि तांब्याची जाळी हिरवी पडते. जानेवारीत संक्रांतीचे पतंग येतात. येवल्याचा जिल्हा आहे, तारा गच्चीवरून गच्चीवर गेलेल्या आहेत, आणि अडकलेला मांजा ओढणारा मुलगा तारेचा विचार करत नाही. पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळलेला प्रत्येक जोड कापा, एफ कनेक्टर लावा, रिकाम्या फाट्यावर ७५ ओहमचे टोपण बसवा. या कामाला पाऊण तास लागतो आणि चित्र जेवढे सुधारते तेवढे सॉफ्टवेअरने कधीच सुधारत नाही. खालच्या मजल्याचेही सुधारते. ते श्रेय केबलवाल्याला देतात.

पायरी ५. तक्रार करा. केबलवाल्यासमोर ‘कॉम्प्युटर’ हा शब्द काढू नका; काढलात की तो म्हणेल, “टीव्हीला लावून बघा,” आणि दहा फुटांवरून टीव्हीवर सगळे छान दिसेल. कॉम्प्युटरवाल्यासमोर ‘केबल’ म्हणू नका; म्हणालात की तो विंडोज नव्याने टाकून देईल आणि मुंग्या नव्या विंडोजमध्ये येतील.

शेवटचे कलम. केबल डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरे होती, त्यांत नाशिक होते. मुदत ३१ मार्च २०१३. आता ट्यूनरमध्ये ‘टेलिव्हिजन’ऐवजी ‘कॉम्पोझिट’ निवडा आणि सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन लावा. कार्डाला यापुढे एकच चॅनेल दिसेल: बॉक्सवर जे लावलेले असेल ते. रात्री दहाचे रेकॉर्डिंग लावून झोपलात, तर नऊ वाजता रिमोट ज्याच्या हाती होता त्याची आवड रेकॉर्ड होईल. तारेतल्या मुंग्या, सावल्या संपल्या. चित्र येते, चौकोनांत फुटते किंवा जाते. कोणाच्या दारातला जोड खराब आहे, हे पट्टीने मोजता येत नाही. ग्राहक सेवेला फोन करा. बॉक्स बंद करून चालू केला का, असे विचारतील. केला नसला तरी ‘हो’ म्हणा आणि गच्चीची किल्ली मागायला सेक्रेटरींकडे जा.