कॉटर काढला का?

मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन ज्याने उभी हयात विम्याच्या कचेरीत फायली सरकवल्या, त्याच्या हाती निवृत्तीनंतर पाना देऊ नये, असा कायदा नाही. असायला हवा होता. आमच्या घरात तो अलिखित होता आणि हिच्या केटरिंगचा छोटा हत्ती खटखटायला लागेपर्यंत मी तो पाळतही होतो.

छोटा हत्ती म्हणजे टाटांची ‘एस’. २००५ साली ती बाजारात आली, तेव्हा तिचं दोन सिलिंडरांचं, ७०२ सीसीचं इंजिन बघून मी हसलो होतो. आज मुलुंडच्या कुठल्याही गल्लीत सामान उतरवणारा टेम्पो बघा, बहुतेक तोच असतो. आमचा हत्ती सेकंडहँड, एका मंडपवाल्याकडून घेतलेला. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून एलबीएस रोडवर त्याने पातेली वाहिली ती खड्ड्यांतून वाट काढत. अखेर स्टेअरिंग नाहूरला फिरवलं की गाडी भांडुपला वळायला लागली. शिवाय प्रत्येक खड्ड्यात डाव्या चाकातून ‘खट्’.

“किंगपिन गेली, काका. गॅरेजला टाका,” आमचा ड्रायव्हर म्हणाला. पासिंग तोंडावर आलेलं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी काढावा लागतो आणि ढिल्या स्टेअरिंगची गाडी तिथे पास होत नाही. पण “गॅरेजला टाका” हे शब्द माझ्या डिप्लोम्याला लागले.

प्रकरण तसं साधं. या गाडीला पुढे सरळ, अखंड एक्सल असतो आणि तो पाट्यांवर बसलेला असतो. एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक उभी जाडजूड पिन. दाराच्या बिजागरीसारखं चाक तिच्याभोवती वळतं. पिनेच्या वर-खाली बुश असतात. त्यांना वेळेवर ग्रीस मिळालं नाही की ते झिजतात आणि चाक डुलायला लागतं. आमच्याकडे ग्रीस शेवटचं कधी मारलं होतं, हे मंडपवाल्यालाच ठाऊक.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली, खाली घोडी लावली आणि चाक वर-खाली धरून हलवलं. डुललं. आता हा दोष बेअरिंगचाही असू शकतो. ब्रेक दाबून पुन्हा हलवायचं; डुलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन. हिला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबायला सांगितला. चाक डुलतच राहिलं. निदान अचूक! त्या आनंदात मी चाक, ब्रेक, सगळं उतरवायच्या मागे लागलो. बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, “अहो, पाय उचलू का आता?”

मग हातोडा घेतला. पिन खालून ठोकली, वरून ठोकली. डिझेल ओतलं, पुन्हा ठोकली. पिन जागची हलेना. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी बाळ झोपल्याचं कळवलं. सेक्रेटरी येऊन ‘पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये’ ही पाटी दाखवून गेले. ती मीच कमिटीवर असताना लावली होती. अख्खी दुपार ठोकून पिनेचं डोकं तेवढं चपटं झालं. शेवटी ड्रायव्हरने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला पोरगा आणला. मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, “काका, कॉटर काढला का?”

किंगपिन फिरू नये म्हणून एक्सलमध्ये आडवा कॉटर ठोकलेला असतो. तो आधी काढायचा. माझ्या अभ्यासक्रमात कॉटर जॉइंटची अख्खी आकृती होती आणि परीक्षेत ती मी काढलीही होती. पोराने त्याच्या बारीक टोकावर टिचकी मारावी तसा एक ठोका दिला, कॉटर बाहेर. मग पिनही आली. पण मी तिचं डोकं चेपल्यामुळे ते आधी कानशीने घासावं लागलं. त्याचे पैसे त्याने वेगळे घेतले.

किंगपिनचं किट आणायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. हे नाव बोरीबंदरच्या एकेकाळच्या सीएसटी स्टेशनवरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं. ही गाडी ट्रॉम्बेहून अंधेरीला जायची आणि १९३४ साली बंद पडली. बंद पडलेल्या गाडीच्या नावाच्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांचे भाग विकावेत, हे मला फार योग्य वाटलं. दुकानदाराला म्हटलं, फक्त डावी द्या, खटखट तिकडूनच येते. त्याने माझ्याकडे दयेने बघितलं आणि दोन्ही बाजूंचं किट बांधून दिलं. उजवी बाजू उघडली तेव्हा ती डावीपेक्षा जास्त झिजलेली निघाली. आवाज मात्र डावीच करत होती. घराघरांत असं असतं.

नवे बुश मी स्वतः बसवले. ते रीमर मारून पिनेच्या मापाचे करायचे असतात, ते मात्र लेथवाल्याकडून करून घेतलं. एवढी अक्कल तोवर आली होती. सगळं जोडलं, नवी कोरी ग्रीसगन निपलला लावली आणि दाबली. ग्रीस आत जाईना. आणखी दाबली, तेव्हा निपलच्या बाजूने उसळून शर्टावर आलं. पुन्हा तोच पोरगा. बुशला ग्रीससाठी भोक असतं, ते निपलच्या समोर यावं लागतं. माझं भोक बरोबर उलट्या बाजूला! बुश दाबून बाहेर काढले, नवे आणले, पुन्हा रीमर. एकूण खर्च गॅरेजवाल्याने पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीवर गेला. हिशोबाच्या वहीत हिने तो ‘करमणूक’ या खात्यात टाकला.

गाडी पासिंगला पहिल्या फटक्यात पास झाली आणि आता नाहूरला फिरवली की नाहूरलाच वळते.

तुमच्यापैकी कुणाला हौस असेल तर बुश ठोकण्याआधी भोक निपलसमोर आहे ना, तेवढं बघा. आणि ग्रीसगन हवी असेल तर कळवा, माझी विकायची आहे. एकदाच वापरलेली, तीही शर्टावर.